‘आपल्यात असलं कधीच नव्हतं’? कुठल्या आपल्यात?

रंकाळाकाठ:
काल पेठेच्या ग्रुपवर एक पोस्ट पडली. खिद्रापूरला सहल नेणाऱ्या एका बाईंना झापलंय: "सातवीच्या पोरींना त्या सुरसुंदरी दाखवायला नेता? समलिंगी, लिव्ह-इन, ही सगळी थेरं बाहेरून आलेली. आपल्यात असलं कधीच नव्हतं." खाली अंगठ्यांची रांग. तीस वर्षं इतिहास शिकवलाय, गप्प बसवेना.

खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या त्या बायका, म्हणजे सुरसुंदरी, शिलाहार राजांच्या काळातल्या. कुणा गोऱ्यानं येऊन कोरल्या नाहीत. शिलाहारांच्या कितीतरी आधी हाल सातवाहन राजानं सातशे गाथा जमवल्या, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. त्यातली एक सून मुक्कामाला आलेल्या वाटसरूला उजेड आहे तोवर दाखवून ठेवते, सासू इथं झोपते, मी इथं, रात्री अंधारात आमच्या अंथरुणावर धडपडू नकोस. हे गावातल्या घरातलं बोलणं आहे, दरबारातलं नव्हे. कामसूत्रात वात्स्यायन देशोदेशीच्या आवडी सांगताना महाराष्ट्राच्या बायकांना चौसष्ट कलांची हौस आणि रांगडं, शिवराळ बोलणं आवडतं असं नोंदवतो. महाभारतात पांडू कुंतीला सांगतो की पूर्वी बायका मोकळ्या होत्या, उत्तरकुरूंत अजून तीच रीत आहे.

बाहेर बघा. केरळात नायरांचं संबंधम्, म्हणजे सहज जोडता-मोडता येणारं नातं. बस्तरच्या मुरिया आदिवासींचं घोटुल, म्हणजे तरुण पोरापोरींनी एकत्र राहायचं घर. चीनच्या युन्नानमध्ये मोसुओ जमातीचा पुरुष रात्री बाईकडं येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत जातो, पोरं आईच्या घरात वाढतात. जपानात बायका-पुरुष एकाच न्हाणीघरात अंघोळ करायचे. पाश्चात्त्य नावं ठेवतील म्हणून मेजी काळात त्यावर बंदी आली. आणि ज्या कायद्याला आपण संस्कृती समजत होतो ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतलं. बाहेरून आली असेल तर ही लाज आली.

पेठकर:
सर, मी तुमचाच विद्यार्थी, तरी बोलतो. गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच पांडूच्या तोंडी पुढं काय आहे? आईचा हात धरून परका माणूस तिला नेतो हे बघून श्वेतकेतू पेटला आणि त्यानं मर्यादा घालून दिली. म्हणजे मर्यादासुद्धा आपलीच की. ३७७ इंग्रजाचं, मान्य. पण मुलीमुलींतल्या संबंधाला मनूनं दोनशे पणांचा दंड सांगितलाय, तेव्हा कुठला इंग्रज आला होता?

जपान आणि मोसुओ त्यांच्या घरी सुखी राहोत. मला दोन पोरी आहेत. मोबाईलवर त्यांच्यापुढं काय येतंय ह्या काळजीनं मला झोप लागत नाही. बाप म्हणून कुठंतरी रेघ मारायला लागते, त्याला तुम्ही मागासलेपणा म्हणता.

रंकाळाकाठ:
बाप म्हणून रेघ मार, मी कुठं अडवलं? पण ‘कधीच नव्हतं’ म्हणू नको. आणि मनूच काढलास तर पूर्ण काढ. पुरुषानं पुरुषाशी संबंध ठेवला तर द्विजाला त्यानं अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ सांगितली आहे. इंग्रज मेकॉलेनं आखलेल्या ३७७ कलमात जन्मठेप होती. हे दोन्ही एका तराजूत बसत नाही.

नलूताई:
दोघंबी पुरुष, दोघंबी पोथ्या उघडून बसलाय. बाईचं काय झालं ते कोण सांगणार?

सर, शिलाहारांच्या सुरसुंदरी तुम्हाला दिसल्या, त्यांच्या गधेगाळी, त्या शिवी कोरलेल्या शिळा, दिसल्या नाहीत? वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली बाईवर चढलेलं गाढव. परळच्या ११८७ च्या लेखात ती शिवी चक्क मराठीत कोरलेली आहे. जमीन लाटणार कोणीतरी बाप्या आणि शिवी त्याच्या आईला. हा तुमचा मोकळा काळ!

माझी मोठी आत्या गडहिंग्लजकडची. आठ वर्षांची असताना केस गुंतून डोक्यात जट झाली. जट म्हणजे यल्लम्मा देवीचं बोलावणं, मग विचारायचं कोणाला? सौंदत्तीला नेऊन गळ्यात दर्शन घातलं. तांबडे-पांढरे मणी, बास, लग्न लागलं देवाशी. पुढं गावातल्या एका बड्या घरानं तिला ‘ठेवली’. पोरं झाली, त्यांना बापाचं नाव नाही. शाहू महाराजांनी ह्या देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला १९२० ला. मुंबईनं १९३४ ला, कर्नाटकानं १९८२ ला, महाराष्ट्रानं परत २००५ ला. आत्याला दर्शन घातलं १९५८ ला.

शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसलेलो. जट कमरेच्या खाली गेलेली, मनगटाएवढी जाड. तेल, हळद, घाम बसून बसून खापरासारखी कडक. तिच्या ओझ्यानं मान कायम डावीकडं कललेली. आत उवांनी डोकं खाल्लेलं, पण कापू देईना. म्हणायची, आयुष्य हिच्यापायी गेलं, आता हिला सोडून कुठं जाऊ?

अभि, पुणे:
फार वाईट वाटलं वाचून. पण ‘बसलेलो’? तुम्ही ताई की दादा?

नलूताई:
ताईच. कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. माझी आई बोलायची, माझी लेक बोलते. मुंबईच्या कॉलेजात लेकीला हसले म्हणून ती चार महिने वर्गात तोंड उघडत नव्हती. आत्याचं एवढं सांगितलं आणि तुम्हाला क्रियापद दिसलं.

अभि, पुणे:
चुकलं. खरंच माहीत नव्हतं.

उदो:
यल्लम्मा आमचं कुलदैवत आहे. मार्गशीर्षातल्या रांडव पुनवेला सौंदत्ती आणि मग इथं ओढ्यावर आंबील, आमच्या घरात हे चुकलेलं नाही. चार वाईट माणसांमुळं देवीला बोल लावू नका. देवीला सोडलेला, साडी नेसलेला जोगता डोक्यावर जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची टोपली, घेऊन दारात येतो तेव्हा घरातले म्हातारे त्याच्या पाया पडतात. बाईचा वेष घेतलेल्या पुरुषाला एवढा मान दुसरीकडं कुठं मिळतो, दाखवा. आणि जटेला कात्री लावायची भाषा करणाऱ्यांनी आधी आपलं घर सांभाळावं, देवीचा कोप झाल्यावर रडत येऊ नये.

नलूताई:
कोपाची भीती मला घालू नका. आत्यानं जट कापली नाही तरी तिचं काय व्हायचं राहिलं? आणि तो बडा माणूस तिला टाकून गेला, त्याच्यावर कोप का झाला नाही? तुमच्या घरातल्या पोरीच्या डोक्यात जट झाली तर सोडाल तिला? हो की नाही, एवढंच लिहा.

उदो:
घरच्या पोरींवर जाऊ नका.

नलूताई:
माझी आत्यापण कुणाच्यातरी घरची पोरगी होती.

मधली आळी:
जोगत्याच्या पाया पडणाऱ्यांत माझे वडील आहेत, म्हणून लिहितोय. २०१८ ला ३७७ वर सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. पुढच्या वर्षी मी घरात सांगितलं, मला पुरुष आवडतात. वडील ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट बाहेरच्या सोप्यात यायला लागलं. त्याच सोप्यात मार्गशीर्षात जोगत्याचं ताट असतं. ओटी देवघरापाशी भरतात, जेवायला मात्र दाराशी. उदो, एवढाच तो मान. सर, तुमच्या गाथा मला आवडल्या, पण माझ्या आईला त्यांतली एकही ठाऊक नाही. तिला घरची रीत ठाऊक आहे.

सिस्टर:
पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. लग्न होऊन दोन वर्षं झालेली मुलगी येते, मूल का होत नाही विचारते, आणि बोलता बोलता कळतं की दोघांना काहीच माहीत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं ते ह्याचसाठी. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी हरले. पेठकर, पोरींची काळजी वाटते ना? मग तुम्ही बसून सांगा. नाहीतर मोबाईल सांगणारच आहे.

पेठकर:
सिस्टर, मी सांगू? माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही. बायकोला सांगून बघतो. तुमचं एवढं पटलं, सरांचं सगळं पटलेलं नाही. खिद्रापूरच्या बाईंबद्दल मीही अंगठा दिलेला, तो काढला. देवळात पोरींना न्यायला हरकत नसावी.

रंकाळाकाठ:
नलूताई, गधेगाळ मला माहीत होती. वर्गात दाखवताना मी दानाचा लेख वाचून दाखवायचो आणि खालच्या चित्रावरून पुढं सरकायचो. तीस वर्षं. जुना काळ सरसकट मोकळा होता असा सूर मी वर लावला, तो बरोबर नाही. सुनेची गाथा आणि गधेगाळ दोन्ही इथलीच आहेत. शाहू महाराजांच्या कायद्याचं सालसुद्धा मी परीक्षेपुरतं शिकवलं, तुमच्या आत्यासारख्या बायका ह्याच जिल्ह्यात होत्या हे कधी बोललो नाही.

वाचक_कागल:
मूळ विषय सोडून विचारतो. माझ्या मावशीच्या डोक्यात दोन वर्षांपासून जट आहे. वय बेचाळीस. मान दुखते, रात्री कुशीवर झोपता येत नाही. ती कापा म्हणते, मामा नको म्हणतात. पार्लरवाली हात लावायला तयार नाही. कोण काढून देतं?

नलूताई:
अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते काढतात, फुकट. घरी येतात. मावशी स्वतः हो म्हणतीय ना? मग मामांना विचारत बसू नका. मला आतल्या मेसेजमध्ये नंबर पाठवा, मी स्वतः येतो. आणि काढल्यावर पहिले दोन-तीन दिवस तिच्याजवळ कोणीतरी झोपा. डोकं हलकं लागतं, पण ती दचकून उठेल.