जपानी विद्यापीठातलं पहिलं वर्ष : तुमचे अनुभव लिहा

येत्या एप्रिलमध्ये जपानला शिकायला निघालेली बरीच मुलं आहेत. शिष्यवृत्ती, व्हिसा यांची माहिती त्यांना मिळते. तिथे पोहोचल्यावर काय अंगावर येतं आणि कशाने निभावलं, ते मात्र गेलेल्यांनीच सांगायला हवं. सुरुवात मी करतो.

त्सुकुबा, संशोधक विद्यार्थी

पुण्यात एन-३ पर्यंत, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेच्या मधल्या पातळीपर्यंत, शिकून गेलो होतो. जपानी वाक्य मराठी कानाला परकं वाटत नाही. क्रियापद शेवटी, 'नो' म्हणजे आपलं चा-ची-चे. 'तोक्यो नो एकी', टोकियोचं स्टेशन. दमवलं ते केइगोने, म्हणजे आदराच्या भाषेने. आपल्याकडे 'तू'चं 'तुम्ही' केलं की बरंचसं भागतं. तिथे क्रियापदच बदलतं. साधं खाणं 'ताबेरु', सरांनी खाल्लं तर 'मेशिआगारु', सरांसमोर आपण खाल्लं तर 'इतादाकु'. सरांना पहिली चार ओळींची मेल लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

पहिले सहा महिने मी केनक्युसेई होतो, म्हणजे पदवीसाठी प्रवेश व्हायच्या आधीचा विद्यार्थी. लॅबमध्ये सगळे मान खाली घालून कामात. त्यांना त्रास नको म्हणून मी रात्री गुपचूप निघून जायचो. आठवड्याभराने सेनपाईने, म्हणजे लॅबमधल्या सीनियरने, मला एकट्याला जिन्यात गाठून सांगितलं, "निघताना 'ओसाकी नि शित्सुरेई शिमासु' म्हणत जा." तुमच्याआधी निघतोय, क्षमा असावी. त्या रात्री दारातून म्हणालो, तर खोलीभरातून 'ओत्सुकारेसामा' आलं, म्हणजे आज खूप काम केलंस, दमला असशील. ज्यांना मी तुसडे समजत होतो, ते आठवडाभर माझ्या बोलण्याची वाट पाहत होते. पाठ करून जायचं पहिलं वाक्य हेच ठेवा.

क्योतो, एम.ए.

मी घराबद्दल लिहिते. वसतिगृहाची मुदत एक वर्षाची होती. एजंटने माझ्यासमोरच घरमालकाला फोन लावला. 'गाइकोकुजिन' हा शब्द ऐकू आला, मग एजंटचं नुसतं 'हाय, हाय', म्हणजे हो, हो. परदेशी भाडेकरू नको होता. असं तीनदा झालं. भाषा येत नसती तर कदाचित इतकं लागलं नसतं. शेवटी जुनं, स्टेशनपासून लांबचं घर मिळालं. पैशांची तयारी ठेवा. अनामत वेगळी आणि 'रेइकिन' वेगळं. रेइकिन घरमालकाला आभार म्हणून द्यायचं असतं, ते परत मिळत नाही. जामीनदार किंवा हमी देणारी कंपनीही लागते. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात आधी विचारा, मी उशिरा विचारलं.

सप्पोरो

शाकाहारी मंडळींनो, 'निकु नाशी' म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. मासा त्यात धरत नाहीत. मिसो सूपमधल्या दाशीतही, म्हणजे सूपच्या मूळ पाण्यातही, बहुतेक वेळा सुकवलेला कात्सुओ मासा असतो. मी दोन महिने प्यायले, कळल्यावर रडले. आता मासा आणि दाशी दोन्ही नाव घेऊन विचारते. भाकरीचं पीठ घरून येतं.

सेंदाई, पीएच.डी. विद्यार्थ्याची पत्नी

आमच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. नवरा दिवसभर लॅबमध्ये, आणि वॉर्ड ऑफिसातल्या चकरा माझ्याकडे. पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांत नोंदवायचा, आरोग्य विमा तिथेच. तो काढला की दवाखान्याचा 30 टक्केच खर्च आपल्यावर. कामाची परवानगी काढली तर विद्यार्थ्यांसारखीच मलाही आठवड्याला 28 तासांची मुभा.

पण मला जपानी शिकवलं ते लेकीच्या पाळणाघरातल्या वहीने. रोज सकाळी मी लिहायचं : ताप किती, शी झाली का, रात्री काय जेवली. संध्याकाळी बाईंचं उत्तर असायचं. आधी मी नुसते आकडे भरायचे. फेब्रुवारीत पहिल्यांदा शब्दकोश न उघडता चार ओळी लिहिल्या, की रात्रभर खोकत होती, आज बर्फात खेळायला नको. संध्याकाळी वही उघडली. बाईंनी माझ्या ओळींशेजारी लाल पेनाने मुलांच्या वहीत काढतात तसं फूल काढलं होतं.