दादाचा हिपॅटायटिस बी: तापानंतरच्या रिपोर्टवरून काढलेला लिव्हरचा आकडा धरायचा का?

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत, घर देवगड तालुक्यात. तिकडे थोरला दादा (वय ४६), वहिनी, दोन मुलं आणि हापूसची कलमं.

दादाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या रक्ततपासणीत एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी विषाणूची खूण) पॉझिटिव्ह आलं आणि सगळंच अडकलं. सहा महिन्यांहून जास्त टिकलं तरच जुनाट म्हणतात असं वाचलं, म्हणून मला आशा होती की आत्ताच झालं असेल, जाईलही. मग वहिनीने सातबाऱ्याच्या पिशवीतून रक्तपेढीचं पत्र काढलं. चार वर्षांपूर्वी शिबिरात दादाने रक्त दिलं होतं, त्यानंतर आलेलं, 'येऊन भेटा' म्हणणारं. म्हणजे तेव्हाच काहीतरी निघालं असणार. विचारलं तर म्हणतो, "माका काय एक होऊक नाय, मगे कित्याक जावचा?" डोळे पिवळे नाहीत म्हणजे कावीळ नाही, एवढाच आमच्याकडचा हिशोब.

रिपोर्ट असा: एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४ (लिव्हरला इजा झाली की रक्तात चढणारी एन्झाइम्स; लॅबची वरची मर्यादा दोन्हींना ४०), प्लेटलेट १.४२ लाख. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (लिव्हरचं काम दाखवणारे आकडे) नॉर्मल. एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) निगेटिव्ह, एचबीव्ही डीएनए (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ८,४०० आययू प्रति मिली. सोनोग्राफीत लिव्हर जरा खरबरीत, प्लीहा वाढलेली नाही. दारू वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि कोणाच्या तरी लग्नात.

लिव्हरवर किती व्रण पडलेत याचा अंदाज देणाऱ्या फिब-फोरच्या कॅल्क्युलेटरमध्ये मी प्लेटलेट १.४२ अशी भरली. उत्तर आलं २३५! खाली लिहिलेलं, १.४५ च्या आत म्हणजे फारसं काही नाही, ३.२५ च्या वर म्हणजे लिव्हर बरंच जून झालेलं. रात्रीचा दीड वाजला होता, बायकोला उठवलं. तिने शांतपणे विचारलं, "लाखात भरायचंय की हजारात?" हजारात भरायचं होतं, म्हणजे १४२. मग वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ: २.३५. धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

त्याच अंदाजाचा दुसरा आकडा एप्री. एसजीओटी भागिले ४०, भागिले प्लेटलेट, गुणिले १००: १.०२. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात सिरॉसिससाठी (व्रणांनी लिव्हर कडक होणं) रेघ २ वर होती, २०२४ मध्ये ती १ वर आणली. म्हणजे जुन्या पुस्तकात दादा वाचला आणि नव्यात काठावरून आत पडला.

आता खरी अडचण. हे रक्त ताप उतरल्यावर आठच दिवसांनी दिलेलं. गणपतीत दादा चार दिवस शेतात गुडघाभर पाण्यात होता, मग सणकून ताप आला. लेप्टोच्या संशयावर गोळ्या दिल्या, पक्कं निदान झालंच नाही. तापाने प्लेटलेट खाली आणि एसजीओटी वर गेलं असेल, तर माझी दोन्ही गणितं फुकट की नाही? डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी बघू. तोवर शेजारचे काका एरंडाच्या पानांचा रस आणि काविळीची माळ घेऊन तयार आहेत. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

रातांबा (प्रतिसाद):
भाऊ, मी पंधरा वर्षं लॅबमध्ये आहे. डॉक्टर नाही, पण या दोन सूत्रांत चूक कुठे घुसते ते रोज बघते. तुमची शंका बरोबर आहे. लेप्टो असो, डेंगी असो, दोन्हींत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतं. दोन्ही सूत्रांना हेच दोन आकडे लागतात, म्हणजे एका तापाने दोनदा फसगत. दादा पूर्ण बरा झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी परत काढा. आणि लॅबवाल्याला स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन तो गठ्ठा मोजत नाही आणि आकडा उगाच कमी छापून येतो.

आणखी एक. फिब-फोरच्या १.४५ आणि ३.२५ या रेघा मुळात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्यांवरून आल्या. बी साठी वापरतात, पण दगडावरची रेघ म्हणून नव्हे. अल्ब्युमिन आणि आयएनआर नॉर्मल आहेत हे चांगलंच, पण त्यावर निर्धास्त होऊ नका. लिव्हरवर व्रण पडले तरी उरलेला भाग बराच काळ काम ओढून नेतो, ते दोन आकडे शेवटी शेवटी बिघडतात.

आकडा काहीही येवो, सहा महिने थांबायचं का हे पोटविकारवाल्या डॉक्टरांना विचाराच. डीएनए २,००० च्या वर आणि पुरुषाचं एसजीपीटी ३० च्या वर असेल तर २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे औषध सुरू करायला तेवढं पुरतं. लॅबने ४० छापलंय त्यावर जाऊ नका. टेनोफोव्हिर हे त्याचं औषध राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रात मोफत मिळतं, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सुरू केलं की मनाने बंद करायचं नाही, विषाणू उसळी मारतो. वहिनी आणि मुलांचं एचबीएसएजी लगेच तपासा, निगेटिव्ह असतील तर लस. फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करणार असाल तर आधी तीन तास पोट रिकामं हवं, जेवून गेलं की आकडा वाढीव येतो. काकांच्या रसाला हात जोडा.

मूळ धागाकर्ता, महिन्याभराने:
ताई, तुमचे उपकार. नवा रिपोर्ट आला: एसजीओटी ४१, एसजीपीटी ५२, प्लेटलेट १.८६ लाख, स्मिअरवर गठ्ठे नाहीत. फिब-फोर १.४१, एप्री ०.५५. वहिनीला फोनवर आकडे सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणजे काय ते मराठीत सांगा." सांगितलं, सिरॉसिसच्या रेघेपासून बराच मागे आलाय, पण लिव्हर कोवळं राहिलेलं नाही. एप्री ०.५ च्या वर म्हणजे थोडेफार व्रण असणार, असं डॉक्टरही म्हणाले. गोळी सुरू करू म्हणतायत, त्याआधी कोल्हापूरला फायब्रोस्कॅन.

वहिनी निगेटिव्ह, दोन्ही मुलंही. वहिनीचा लसीचा पहिला डोस झाला. दादाला अजून पटलेलं नाही. मोहोराच्या फवारणीचे दिवस आणि हे काय मध्येच, असं चाललंय. माळ मात्र काकांनी खुंटीला लटकवूनच ठेवली आहे. गुरुवारी पहाटेची गाडी, फोंडा घाटातून. वाटेत वडापाव दिसला की दादा उतरतो, म्हणून वहिनी सोबत जाणार आहे.