छोटा छपाई व्यवसाय: आधी कोणतं मशीन घ्यावं?

प्रश्न: नोकरी सांभाळून व्हिजिटिंग कार्डं, पत्रिका छापायचं डोक्यात आहे. डिजिटल घेऊ की जुनं ऑफसेट?

उत्तर: डिजिटलच. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा (छपाईचे साचे) आधी बनवाव्या लागतात. शंभर कार्डांसाठी कुठे परवडतंय? हजारोंची ऑर्डर आली तर बाहेरून छापून घ्या.

उत्तर: मशीनचं सोडा हो, छपाईनंतरचं काम बघा. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कागद क्रीझ न मारता (घडीच्या जागी आधी दाबून रेघ न पाडता) दुमडलात की घडीवर शाई तडकते, पांढरी रेघ उठून दिसते. घडी ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या, आडवी आली तर विचारूच नका.

उत्तर: फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत), चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेलं डिझाइन). आणि प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय छापू नका. नावातली वेलांटी चुकली की भांडण तुमच्याशीच!

प्रश्नकर्ता: सहीचं पटलं. लॅमिनेशन तूर्तास बाहेरूनच करून घेईन.