तुटकी डेलिगेशनं आणि खोळंबलेले कॉल

जुनाखांब: काल कुणीतरी फर्मान काढलं, ‘ईनममधली लेम डेलिगेशनं सरळ उडवा, ज्याला गरज असेल तो ओरडत येईल.’ डोकं फिरलं वाचून. अहो, ईनम म्हणजे डीएनएसमध्ये, इंटरनेटवरची नावं शोधणाऱ्या यंत्रणेत, फोन नंबरावरून इंटरनेट कॉलचा पत्ता शोधायची सोय. डेलिगेशन म्हणजे नंबरांचा एक तुकडा (झोन) कुणाच्या नेमसर्व्हरकडे सोपवलाय त्याची नोंद; ते सर्व्हर नीट उत्तर देत नसले की ती लेम. हे लोकांचे फोन नंबर आहेत. ई१६४.आर्पा या ईनमच्या मूळ झोनमध्ये देशाच्या कोडची मागणी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडून तपासून घेतल्याशिवाय तो झोन चालवणारी राइप एनसीसी डेलिगेशन देत नाही. आणि खालच्या रजिस्ट्रीने एका स्क्रिप्टच्या भरवशावर एनएस रेकॉर्ड (नेमसर्व्हरची नावं) छाटायचे? तुमच्या जागेवरून उत्तर आलं नाही म्हणजे कुणालाच येत नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?

रात्रपाळी: फर्मान माझंच. आता दुसरी बाजू ऐका. डेलिगेशन नसतं तर एनएक्सडोमेन, म्हणजे ‘असं नावच नाही’ हे उत्तर, लगेच येतो आणि कॉल मुकाट्याने नेहमीच्या मार्गाने जातो. दोन्ही नेमसर्व्हर गप्प असले तर रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने नावं शोधणारा सर्व्हर, ह्याला विचार, त्याला विचार करत बसतो आणि शेवटी सर्व्हफेल, म्हणजे ‘जमलं नाही’, देतो. तोवर कानात ना रिंग, ना टोन. माणूस ठेवतो, पुन्हा लावतो, मग शिव्या मला.

अपूर्णविराम: तुमचा पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज) नीट सेट करा की! लुकअपला अर्ध्या सेकंदाची मर्यादा घाला. शिवाय २०२३ च्या आरएफसी ९५२० या इंटरनेट मानकानुसार रिझॉल्व्हरने अपयशही कॅश करायचंय, म्हणजे थोडा वेळ लक्षात ठेवायचंय.

रात्रपाळी: जास्तीत जास्त पाच मिनिटं. आणि कॅश नावावर असेल तर इथे प्रत्येक नंबर म्हणजे नवं नाव. करा कॅश.

टपालवाला: कापण्याआधी कळवायचं कुणाला ते बोला. मी एकदा एका तुटक्या झोनच्या एसओएमधल्या (झोनच्या मूळ माहितीच्या नोंदीतल्या) पत्त्यावर मेल टाकला. बाउन्स. का? तो पत्ता त्याच मेलेल्या डोमेनमधला! रजिस्ट्रीतला दुसरा पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. पदाच्या नावाचा मेलबॉक्स ठेवायला काय पैसे पडतात?

अपूर्णविराम: पदाच्या नावाचा मेलबॉक्स म्हणजे कुणीच न वाचणारा मेलबॉक्स. आमच्याकडे त्यात फक्त स्पॅम होता. माणसाचं नावच हवं.

टपालवाला: म्हणजे माणूस गेला की झोनही वाऱ्यावर. तुमच्याकडे स्पॅम साचतो हा तुमचा आळस, पद्धतीचा दोष नाही.

अपूर्णविराम: आळस कुणाचा ते काढू नका. तुमच्यासारखेच रोज चार इशारे पाठवून खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवतात.

जुनाखांब: विषय डेलिगेशनचा होता, टपालखात्याचा नाही.

टपालवाला: कळवल्याशिवाय कापायला निघालात, म्हणून विषय हाच आहे!

कुलूपकिल्ली: भांडा सावकाश. पण एनएसमधल्या नावाचं डोमेनच संपलं असेल तर ते कुणीही विकत घेईल, नेमसर्व्हर उभा करेल आणि एनएपीटीआरमध्ये, म्हणजे नंबराचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीत, स्वतःचा सिप (इंटरनेट कॉलचा) पत्ता देईल. मग ईनम बघणाऱ्यांचे कॉल त्याच्याकडे. वरच्या झोनमध्ये डीएस रेकॉर्ड (खालच्या झोनच्या सहीच्या किल्लीचा ठसा) असेल आणि रिझॉल्व्हर सही तपासत असेल, तर त्याची डाळ शिजणार नाही. नसेल तर रान मोकळं.

जुनाखांब: बरं बाबा, डोमेन संपलेलं असेल तर कापा, सत्कारही करू तुमचा. बाकीच्यांना वेगवेगळ्या नेटवर्कांतून तपासा, मुदत द्या. आणि मेल पोचत नाही म्हणून रडता कशाला? नंबरांचीच रजिस्ट्री आहे, फोन करा!

रात्रपाळी: केला होता. त्यांचा नंबर त्याच झोनमधला निघाला.

टपालवाला: म्हणून म्हणतो, दुसऱ्या डोमेनवरचा मेलबॉक्स सक्तीचा करा.

अपूर्णविराम: आणि तो वाचणार कोण?