मदत हवी आहे: कायटोसान नॅनोकणांच्या गुठळ्या होतायत, सबमिशनला १२ दिवस

शेवटचं_सेम
नमस्कार मंडळी. एम.फार्म., चौथं सेमिस्टर. कायटोसान (कोळंबीच्या टरफलापासून केलेला पॉलिमर) आणि त्याच्या साखळ्या जोडणारं टीपीपी (ट्रायपॉलीफॉस्फेट) यांचे नॅनोकण करायचे आणि त्यात अर्क भरायचा, एवढाच प्रोजेक्ट. रिकामे कण मस्त होतात, दुधी निळसर, १८० नॅनोमीटरच्या आसपास, दोन दिवस ठेवले तरी तसेच. अर्क घातला की दहा मिनिटांत दूध नासल्यासारखं दिसतं आणि तासाभरात तळाशी गाळ. साइझ मोजायला नेलं तर कधी ९००, कधी २०००. मशीनवाले दादा म्हणाले, हे परत आणू नकोस. एन्ट्रॅपमेंट (घातलेल्यापैकी किती अर्क कणांत अडकला ते) मात्र ९६ टक्के येतंय, म्हणजे अर्क आत जातोय ना? मग फक्त गुठळ्या कशा थांबवायच्या ते सांगा. ढवळण्याचा वेग ८०० चा १२०० केला, फरक शून्य. सर म्हणतात अजून वाढव. 'पेपर वाच' असं कृपया सांगू नका, चाळीस वाचून झालेत.

चिंचेचा_कोळ
कसला अर्क? पाण्यातला की अल्कोहोलमधला? कायटोसान किती टक्के, टीपीपी किती, अर्क किती मिलिग्रॅम, आणि तो कधी घालतेस, टीपीपीच्या आधी की नंतर? जगात एकच अर्क असल्यासारखं लिहिलंयस.

गोळीबंद
कायटोसानचा नाद सोडा. सोया लेसिथिन आणा, अर्कासोबत अल्कोहोलमध्ये गरम करा, अल्कोहोल उडवा, फायटोसोम तयार. वनस्पतीतली पॉलिफेनॉल लेसिथिनमधल्या फॉस्फोलिपिडला छान धरून राहतात आणि आतड्याच्या पेशींतून जाणंही सोपं होतं. आम्ही हेच केलं होतं, एकदाही गाळ बसला नाही.

शेवटचं_सेम
@गोळीबंद, सिनॉप्सिस मंजूर झालाय, आता पॉलिमर बदलला तर सर मलाच बदलतील.
@कोळ, कायटोसान ०.२ टक्के, १ टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये. टीपीपी ०.१ टक्के. अर्क पाण्यातला, वाळवून पावडर केलेला, आधी कायटोसानमध्ये मिसळते. पीएच मोजला नाही, अ‍ॅसिड आहे म्हणजे आम्लच असणार.

जुनी_भट्टी
इथेच घोडं पेंड खातंय. तीस वर्षं प्लांटवर काढली आहेत, लिहून घ्या. कायटोसानचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याच्या निम्म्याच अमाइन गटांवर धनभार उरतो तो आकडा, साडेसहाच्या आसपास. पीएच त्याच्या जवळ गेला की अमाइन गटांवरचा धनभार उतरतो, कण एकमेकांना ढकलेनासे होतात आणि चिकटतात. टीपीपीचं द्रावण अल्कधर्मी असतं, त्याने तुमचा पीएच वर नेला. अ‍ॅसिड वाढवा, काम फत्ते.

चिंचेचा_कोळ
काका, मग रिकामे कण का नाही फाटत? टीपीपी तर त्यातही आहे.

जुनी_भट्टी
मोजू दे तिला आधी.

सहाण
आधुनिकांनी नॅनो म्हणून जे आज शोधलं ते आयुर्वेदाच्या रसशास्त्रात केव्हापासून आहे. भस्म वारितर झालं का, म्हणजे पाण्यावर तरंगतं का, आणि रेखापूर्ण झालं का, म्हणजे बोटांच्या रेषांत भरून बसतं का, या परीक्षा दुसरं काय सांगतात? स्वर्णभस्मात नॅनो आकाराचे कण सापडले आहेत. कोळंबीच्या टरफलापासून केलेल्या वस्तूत वनस्पती कोंबायची गरजच काय?

गोळीबंद
वैद्यराज, भस्म धातू-खनिजांचं असतं. इथे पाण्यात विरघळणारा अर्क आहे. त्याला पुट दिलंत, म्हणजे भट्टीत भाजलंत, तर राख उरेल.

सहाण
उपहासाने ज्ञान मिळत नाही.

आजीची_ओसरी
मध्येच विचारते, माफ करा. आईचे गुडघे दुखतात, तिला नॅनो हळदीच्या गोळ्या द्याव्या का? डोंबिवलीत कुठे मिळतात?

परदेशी_पाखरू
@ओसरी, हळदीतलं कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटात गेलेलं रक्तात फारसं पोचत नाही, म्हणून हा सगळा नॅनो खटाटोप. मिरीतल्या पायपरिनने शोषण वाढतं हे बंगळुरूच्या १९९८च्या अभ्यासात दिसलं होतं, २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन आणि वाढ २००० टक्के. पण तीच पायपरिन इतर औषधांचंही शोषण वाढवू शकते. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अवांतर: हळदीने जखम भरते याचं अमेरिकेत १९९५ला पेटंट दिलं होतं, आपल्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) लढून १९९७ला ते रद्द करवलं. तेव्हा माशेलकर महासंचालक होते.

आजीची_ओसरी
हो, घेते ती गोळी. बरं झालं सांगितलंत. पण डोंबिवलीत मिळतात का?

शेवटचं_सेम
धागा माझा आहे हो! पीएच मोजला, अर्क आणि टीपीपी दोन्ही घातल्यावर ३.७.

जुनी_भट्टी
मीटर कॅलिब्रेट केला होता का?

शेवटचं_सेम
केला होता, ४ आणि ७ दोन्ही बफरने.

चिंचेचा_कोळ
म्हणजे पीएचचा मुद्दा निकाली. आता पुन्हा विचारतो: वनस्पती कुठली?

शेवटचं_सेम
हिरडा. सांगितलं नव्हतं का? १० मिलि कायटोसानला ४० मिलिग्रॅम.

चिंचेचा_कोळ
हे पहिल्या ओळीत हवं होतं ग बाई. हिरडा म्हणजे टॅनिनचं पोतं. कच्चा हिरडा चावला की जीभ खरखरीत होते ना? टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं. चामडं कमावायला हिरडा वापरतात तोही याच गुणामुळे. टॅनिनच्या एका रेणूवर ढीगभर हायड्रॉक्सिल गट, आणि कायटोसानच्या लांब साखळीवर जागोजागी धनभारित अमाइन. एक टॅनिन दोन-तीन साखळ्यांना एकदम पकडतं. म्हणजे जे काम टीपीपीने बेतानं करायचं ते हिरडा आधीच बेफाम करून मोकळा होतोय. १० मिलिमध्ये कायटोसान २० मिलिग्रॅम, त्यावर तू दुप्पट वजनाचा हिरडा ओततेस. वेग ५००० केलास तरी गुठळ्या होणार.

उद्या एवढंच कर: टीपीपी अजिबात न घालता नुसत्या कायटोसानमध्ये अर्क घाल. फाटलं तर टीपीपी निर्दोष.

आणि ते ९६ टक्के विसर. तू सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे गरगर फिरवून कण तळाशी बसवून, वरच्या पाण्यात उरलेलं टॅनिन फोलिनने (फेनॉलांना निळा रंग देणारं रसायन) ७६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतेस, बरोबर? टॅनिन-कायटोसानचा साकाही तळाशीच बसतो. पाण्यात काही उरलं नाही एवढंच त्या आकड्यातून कळतं. ते कणाच्या आत गेलं की गाळात, हे कळत नाही.

शेवटचं_सेम
😶 हा आकडा मी परवाच्या प्रेझेंटेशनमध्ये हिरव्या चौकटीत टाकलाय.

बांधावरचा
आमच्याकडे जुन्नर-आंबेगावच्या वरच्या गावांत बाळहिरडा गोळा करून घर चालतं. २०२० च्या निसर्ग वादळात झाडंच्या झाडं आडवी झाली. ताई, तुम्ही बाळहिरडा घेतलाय की पिकलेला? दोन्हींचा तुरटपणा सारखा नसतो. दुकानदार दोन्ही एकाच पोत्यातून देतो.

शेवटचं_सेम
मंडईच्या मागून आणला, मोठा होता. लहान-मोठ्याचा विचारच केला नव्हता.

सहाण
ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हरीतकी, असं म्हणतात. तिला कोळंबीच्या टरफलात बसवायला निघालात, ती रुसणारच.

परदेशी_पाखरू
वैद्यराज, हे मात्र आवडलं. :) गंभीरपणे: वनस्पतिजन्य औषध नॅनोकणांत बसून बाजारात आल्याचं ठळक उदाहरण म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, मूळ यू झाडाच्या सालीतलं. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून आधी एरंडेलापासून केलेल्या द्रावकात देत, त्याची काहींना जोरदार रिअ‍ॅक्शन यायची. २००५ला अमेरिकेत त्याचे अल्ब्युमिनचे (रक्तातलं एक प्रथिन) नॅनोकण मंजूर झाले. पण तो एकच शुद्ध रेणू. अख्खा अर्क म्हणजे शेकडो रेणूंची वरात, त्यातला कुठला कुणाला चिकटेल याचा नेम नाही.

शेवटचं_सेम (चार दिवसांनी)
टीपीपीशिवाय करून पाहिलं. दोन मिनिटांत फाटलं. कोळ, तुमच्या तोंडात साखर पडो. मग अर्क आधी सेंट्रिफ्यूज करून गाळला, ४० चा ६ मिलिग्रॅम केला, टीपीपी निम्मं, आणि रिकामे कण आधी बनवून त्यात अर्क थेंब-थेंब, अर्धा तास. ३१० नॅनोमीटर, दोन दिवसांनी ३४०, गाळ नाही. दादांनी मशीन लावून दिलं. पण एन्ट्रॅपमेंट ५८. सर म्हणाले, ९६ चे ५८ कसे झाले, आधी बरोबर होतं ना?

चिंचेचा_कोळ
जुना गाळ टाकून दिला नसशील तर दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून त्यांना दाखव.

गोळीबंद
लेसिथिनने ८० च्या वर गेलं असतं.