मदत हवी आहे: अकोल्याच्या उन्हात कॉर्डलेस हत्यारांच्या बॅटऱ्या टिकवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. आमचं फॉल सीलिंग आणि पार्टिशनचं काम आहे, अकोला आणि आसपासच्या तालुक्यांत. हत्यारं सगळी १८ व्होल्टची, एकाच कंपनीची. नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर कंपन्यांचं भांडण सुरू होतं आणि प्रश्न बाजूला राहतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर, ड्रिल आणि चॅनल कापायला छोटा ग्राइंडर. बॅटऱ्या लिथियम-आयन, काही २ अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), काही ४ च्या.

२ वाल्या दोन उन्हाळ्यांत बसल्या. चार्जरवर हिरवा दिवा येतो, बॅटरीवरचे सगळे दिवे लागतात, पण ग्राइंडरला लावली की लगेच बंद. स्क्रू मारायला घेतली तर थोडा वेळ चालते. सोबतच घेतलेल्या ४ वाल्या अजून ठणठणीत आहेत. माणसं तीच, काम तेच, चार्जरही तोच. मग फरक कशाने पडला?

साइटवर लाइट सकाळी असते-नसते, त्यामुळे चार्जिंग बहुतेक दुपारी. पेटी टेम्पोत राहते. पावसाळ्यात काम थंड असतं, तेव्हा बॅटऱ्या फुल करून गोडाऊनमध्ये ठेवतो. सल्ले तर ढीगभर मिळाले: पूर्ण उतरवूनच चार्ज करा, फ्रिजमध्ये ठेवा, नेहमी फुल ठेवा. यातलं खरं काय?

प्रतिसाद: पान्हा

भाऊ, मी हत्यारं दुरुस्त करतो, असे पॅक रोज उघडतो. फरक आत आहे. १८ व्होल्टच्या २ वाल्या पॅकमध्ये साधारणपणे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट. ४ वाल्यात बहुतेक वेळा तसेच दहा, जोड्याजोड्यांनी. ग्राइंडर चॅनलमध्ये घुसला की करंट भरपूर ओढतो. दहा सेलांच्या पॅकमध्ये तो दोघांत वाटला जातो, पाचच्या पॅकमध्ये एकट्या सेलवर दुप्पट येतो. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या बिचाऱ्या सेलमध्ये चौपट. तुमच्या बॅटऱ्या ग्राइंडरने खाल्ल्यात, चार्जरचा दोष नाही.

दिव्यांवर जाऊ नका. बऱ्याच पॅकचे दिवे फक्त व्होल्टेज बघतात. सेल थकला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. मोकळा असताना व्होल्टेज पूर्ण दिसतं, लोड आला की कोसळतं आणि हत्यार बंद होतं. पाचातला एक सेल जरी असा झाला तरी अख्खा पॅक गेल्यातच जमा.

आता ऊन. बहुतेक लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंशांमध्येच चार्ज करायचे असतात. नवतपात तुमच्याकडे सावलीतच तेवढं असतं, त्यात ग्राइंडरमधून काढलेला गरम पॅक. चांगला चार्जर दिवा लुकलुकवत थांबतो, तेव्हा पोरं ‘चार्जर बिघडला’ म्हणून दुसरा, साधा चार्जर शोधतात. तसं करू देऊ नका. पॅक काढून सावलीत अर्धा तास ठेवा. त्याहून बरं, रात्री घरी चार्ज करा. बंद टेम्पोत पेटी ठेवणं तर सगळ्यांत वाईट, त्यातही फुल बॅटरी. भरलेला सेल आणि उष्णता एकत्र आली की सेल न वापरताच म्हातारा होतो.

प्रतिसाद: मीटरवाला

‘पूर्ण उतरवून चार्ज करा’ हा निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला. लिथियमला उलट, अर्ध्यावरून चार्ज केलेलं चांगलं. पावसाळ्यात ठेवताना चारपैकी दोन दिवे पुरेत, हत्यारातून काढून, कोरड्या जागी. मधे एकदा बघून घ्या. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर पाणी धरतं.

रिकामी मात्र ठेवू नका. सेलचं व्होल्टेज फारच खाली जाऊन बराच काळ तसंच राहिलं की आतलं तांबं विरघळायला लागतं. नंतर चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा पॅक दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून ‘जिवंत’ करण्याचे व्हिडिओ आहेत. आग लागायची, त्या वाटेला जाऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. एक शेवटचं: बाजारात एक जण सेल बदलून देतो म्हणतो, स्वस्तात. सेलवर ९८०० एमएएच, म्हणजे ९.८ अँपिअर-अवर, छापलंय. करावं का?

प्रतिसाद: पान्हा

१८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास असते. ९८०० म्हणजे शुद्ध थाप. शिवाय हत्याराला जास्त करंट देणारे सेल लागतात, टॉर्चचे चालत नाहीत, आणि पाचही एकसारखे हवेत. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडणारा असेल तरच विचार करा. डागणी लावून सोल्डर करणाऱ्याकडे देऊ नका, सेल तिथेच भाजतो. एवढं करून तो ग्राइंडरला टिकणार नाहीच.

जुने पॅक भंगारात टाकू नका, विक्रेत्याकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे. यापुढे २ वाल्या फक्त ड्रायव्हरला, वर हात करून स्क्रू मारताना हलक्या पडतात. ग्राइंडरला ४ वाल्याच लावा, आणि लाइट असेल तिथे सरळ वायरवाला ग्राइंडर.