आकड्यापेक्षा बाळाकडे बघा

तिसरा दिवस उजाडला तरी दीड वर्षाच्या लेकाचा ताप उतरत नाही आणि रात्रभर थर्मामीटर हातात धरून बसते, असं तुम्ही लिहिलंय. वाचून जीव कळवळला. खरं सांगू? १०२ आहे की १०३, यापेक्षा ताप थोडा उतरल्यावर तो कसा वागतो हे जास्त सांगून जातं. खेळतोय, नजरेला नजर देतोय, घोट घोट पितोय, शू नेहमीसारखी होतेय, तर बराच धीर धरता येतो. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, वयावर नाही. दोन डोसांत निदान चार तास हवेत, चोवीस तासांत जास्तीत जास्त चारच डोस. वेळ कागदावर लिहून ठेवा, जागरणात हमखास गोंधळ होतो. गार पाण्याने पुसू नका, हुडहुडी भरते.

मात्र तिसरा दिवस आहे, तेव्हा आज डॉक्टरांना दाखवाच. श्वास जोरात चालत असेल, मूल मलूल पडलं असेल, आठ तासांत शू नसेल, झटका आला किंवा दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर तडक इस्पितळ गाठा.

आणि आज रात्री पाळी लावा हो. दोघांपैकी एकाने झोपायचंच.